कोळशाची आगोट

आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बेगमी. वसईची आगोट म्हटली की सुके बोंबील आठवतात; कोळशाची पेटी सहसा नाही. १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी धावू लागली, तरी कित्येक घरांतला चहा पुढेही शेगडीवरच उकळत होता. लोणारी कोळसा दगडी कोळशाहून हलका नि सच्छिद्र. तेवढ्याच वजनाला जागा अधिक व्यापतो आणि ओल शोषतो. ओला कोळसा पेटता पेटत नाही, बंद दारांआड घर धुराने कोंडते. म्हणून पेटी ऐसपैस, विटांवर उचललेली, भिंतीपासून सुटी हवी. वरून भरावी, खालच्या झडपेतून काढावी. म्हणजे जुना कोळसा आधी संपतो. तळाची चुरी शेणमातीत कालवून बायका गोळे वळत. ते उन्हात वाळवायचे, त्यामुळे मृगाआधीच उरकावे लागत.