एस्केप : पळ कुणी काढला आणि बाहेर कोण पडले?

गेल्या महिन्यात नामपूरच्या आमच्या वस्तीत रविवारचा अभ्यासवर्ग चालू होता. विषय धर्मांतराचा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, कॉलेजात पोरं म्हणतात, तुमच्या बाबासाहेबांनी लढायचं सोडून एस्केप केला. धर्म सुधारायचा सोडून पळाले. काय उत्तर द्यायचं?"

आम्ही तेव्हा नेहमीचे उत्तर दिले. चवदार तळे सांगितले, काळाराम सांगितले. पण पोराच्या चेहऱ्यावर समाधान दिसले नाही, आणि खरे तर आमचेही झाले नव्हते. त्याला घटना माहीत होत्या. तो 'एस्केप' या शब्दात अडकला होता. म्हणून आज त्या शब्दाबद्दलच बोलू.

'एस्केप'चे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'एक्स' म्हणजे बाहेर, 'कॅप्पा' म्हणजे अंगावरचा झगा. पाठलाग करणाऱ्याने झगा धरला, तर झगा त्याच्या हातात सोडून माणूस बाहेर पडतो, तो एस्केप. म्हणजे या शब्दाच्या पोटात भित्रेपणा नाही. कुणीतरी धरले होते, एवढेच त्यात आहे.

मराठीत मात्र आपण माणूस बघून शब्द वापरतो. निसटणे, सुटणे, पळ काढणे, पलायन, फरार, मुक्ती. आरोपी पुराव्याअभावी सुटला की 'निर्दोष सुटका'. आपला माणूस गाव सोडून गेला की 'पळाला'. आता या भाषेतला सगळ्यात प्रसिद्ध पळपुटा कोण? दुसरा बाजीराव. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हरवल्यावर पुणे सोडून वसईला गेला आणि इंग्रजांशी तह करून बसला. त्याच्याकडे गादी होती, फौज होती, खजिना होता. ज्याला पाणवठासुद्धा नव्हता त्याला पळपुटा म्हणताना हा इतिहास आठवावा.

पळण्याला दोष देण्याची ही युक्ती जुनी आहे आणि फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत काळे गुलाम मालकाच्या मळ्यावरून पळून जात. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने त्यावर शोध लावला की, पळून जाण्याची इच्छा हा गुलामांना होणारा एक मानसिक आजार आहे. त्याने त्याला 'ड्रेपेटोमॅनिया' असे नावही दिले. मळ्यात काय चालते याची तपासणी त्याला करावीशी वाटली नाही. फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये असेच निसटले आणि पुढे आयुष्यभर गुलामगिरीविरुद्ध बोलत राहिले. त्यांना कुणी पळपुटा म्हणेल? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केले, ते उगाच नाही. दोन्हीकडची साखळी एकच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते त्यात राबले. आपल्या माणसांनी दगड खाल्ले, तुरुंग पाहिले. हे पाच वर्षे चालले. दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. मालेगाव, मनमाड ओलांडले की येवला. घोषणा आपल्या अंगणात झाली.

मुद्दा असा की, पळणारा माणूस रात्री जातो, सांगून जात नाही. बाबासाहेबांनी भर सभेत सांगितले आणि त्यानंतर एकवीस वर्षे सगळ्या देशाला विचार करायला दिली. धर्म अभ्यासले, लोकांशी बोलले, हिंदू कोड बिलासाठी झगडले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिवसाढवळ्या लाखो माणसांसह बाहेर पडले. याला पळ म्हणायचे असेल तर मुक्काम कशाला म्हणायचे? झगा तेवढा मागे राहिला. तो ज्यांनी धरला होता, त्यांच्या हातात.

दुसरा प्रसंग आमच्या रोजच्या कामातला. मुलगा-मुलगी सज्ञान, जात वेगळी, लग्न केले. गावभर एकच वाक्य, "पोर पळी गई." विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. त्या ३० दिवसांत काय काय होऊ शकते, हे कसमादेच्या माणसाला सांगायला नको. कायद्याने दिलेला हक्क लपून घ्यावा लागतो, आणि वर 'पळाले' हा शिक्का. इथेही शब्द मागे लागलेल्यांना सोडतो आणि पुढे गेलेल्यांना धरतो.

पण मित्रांनो, दुसऱ्यांना प्रश्न विचारून आम्ही आमचा सोडवून घेणार नाही. समाजशास्त्रात एम.ए. करताना शहरात खोली शोधत होतो. दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली 'कालच गेली' होती. तिसऱ्या ठिकाणी आम्ही फक्त पहिले नाव सांगितले आणि गाव नामपूर. खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो दोन वर्षे कपाटात, पुस्तकांच्या मागे राहिला. घरमालक वाईट वागला नाही. आमच्या ओठावर आलेले 'जयभीम' मात्र आम्ही गिळत राहिलो.

तो पळ होता का? खोलीची गरज होती, आणि दोष विचारणाऱ्याचा होता, हे आम्हाला मान्य आहे. तशी वेळ आलेल्या कुणाही पोराला आम्ही नावे ठेवणार नाही. पण तेव्हा आम्ही झगा टाकला नव्हता, दुसऱ्याचा पांघरला होता. नोकरी लागल्यावर, स्वतःचे घर झाल्यावरही तो अंगावर राहतो, वस्तीचा फोन उचलावासा वाटत नाही, तेव्हा त्याला पळच म्हणावे लागते. शिकलेल्या लोकांबद्दलची बाबासाहेबांची शेवटच्या वर्षातली खंत हीच होती.

म्हणून त्या पोराला आमचे उरलेले उत्तर असे. कॉलेजातल्या मित्रांना विचार, धरले कुणी होते? आणि स्वतःला विचार, बाहेर पडल्यावर मागच्यासाठी दार उघडे ठेवले का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी द्यायचे. दुसऱ्याचे आपण, दर रविवारी, याच अभ्यासवर्गात.

जयभीम!