घोडामैदान

आमच्या घराण्याचा आणि घोड्याचा संबंध एकदाच आला. वडिलांच्या वरातीला आणलेला घोडा मारुतीच्या देवळापाशी जो अडून बसला तो हलेचना. शेवटी वडील खाली उतरून चालत घरी आले. त्यामुळे 'घोडं अडलं' हा आमच्या घरात वाक्प्रचार नाही. ती तिथी-वारासकट सांगायची हकीगत आहे.

लहानपणी आमच्या चाळीत 'तो रेसला जातो' हे वाक्य 'त्याला क्षय झालाय' याच सुरात, आवाज खाली आणून बोललं जायचं. ऐकणाराही "अरेरे, आणि पोरं लहान आहेत हो!" असंच म्हणायचा. अशा संस्कारांत वाढलेला मी, बी.कॉम. सेकंड क्लास, बँकेत कॅशच्या खिडकीमागे बसणारा, गेली 21 वर्षं फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजर असतो. त्या दिवशी तिथे इंडियन डर्बी असते.

आम्ही चौघे. मास्तर, डॉक्टर, शेठ आणि मी, म्हणजे कॅशियर. मास्तर खरोखरच शाळेत गणित शिकवतात. डॉक्टरचं औषधांचं दुकान आहे. शेठला शेठ म्हणायचं कारण एवढंच, की कॉलेजात असताना आमच्यापैकी फक्त त्याच्याच खिशात पन्नासची अख्खी नोट असायची. पुढे त्याने छापखाना काढला, तेव्हापासून तीही दिसेनाशी झाली. पण नाव एकदा पडलं ते पडलं.

शनिवारी संध्याकाळी तिघे माझ्याकडे मुक्कामाला येतात. शेठ दादरहून बटाटेवडे आणतो. बायको पहिल्या वर्षी रागावली होती, दुसऱ्या वर्षी हसली आणि तिसऱ्या वर्षापासून त्या शनिवारी माहेरी जाते. रात्री वर्गणी गोळा होते. माणशी हजार रुपये, एकूण चार हजार. नियम दोन. एक, या चार हजारांवर एक रुपयाही जास्त खेळायचा नाही. दोन, पैसे माझ्याकडे राहतील आणि खिडकीवर फक्त मी जाईन. मी या सगळ्याची शंभर पानी वही ठेवली आहे. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. 21 वर्षांत डावीकडचं पान कधी पूर्ण भरलेलं नाही.

मग अभ्यास. रेसचं पुस्तक उघडलं, की मास्तरांचा चेहरा पेपर तपासतानासारखा होतो. डर्बीत चार वर्षांचे घोडे पळतात. रेसच्या हिशेबात या देशातल्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस 1 जानेवारीलाच. आमच्या पिढीत सगळ्या पोरांचा वाढदिवस जून महिन्यात यायचा, कारण हेडमास्तरांनी तसा लिहिलेला असायचा. तेव्हा हे आम्हाला लगेच पटलं. पुस्तकात प्रत्येक घोड्याचे आईबाप, आजेपणजे छापलेले असतात. जगातल्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याचं बापाकडचं घराणं मागे नेत गेलं, की ते इंग्लंडात नेलेल्या तीनच घोड्यांपैकी एकाशी जाऊन पोचतं. मला माझ्या पणजोबांचं नाव आठवत नाही, आणि सात नंबरच्या पणजीचं पाठ आहे.

डॉक्टरला या सगळ्यात एकच गोष्ट खरी वाटते. पुण्याचे पूनावाला आधी घोडे वाढवायचे. घोड्याच्या रक्तातून धनुर्वातावरचं प्रतिविष निघतं, हे ध्यानात घेऊन 1966 साली त्यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. "म्हणजे बघा," डॉक्टर म्हणतो, "घोड्यापासून पैसा मिळतो. फक्त तो पळत असताना मिळत नाही."

डर्बी हे नावच मुळी पैजेतून आलं, असं सांगतात. इंग्लंडात एप्सम इथे 1780 साली पहिली शर्यत झाली. तिला नाव कोणाचं द्यायचं म्हणून लॉर्ड डर्बी आणि सर चार्ल्स बनबरी यांनी नाणं उडवलं. नाव डर्बीचं लागलं, पण पहिली शर्यत बनबरीच्या घोड्याने जिंकली. नाव एकाचं आणि पैसे दुसऱ्याला! आमच्या बँकेतल्या जॉइंट अकाउंटांचाही हाच अनुभव आहे. आपल्याकडची डर्बी 1943 पासूनची. अंतर 2400 मीटर. एवढ्यासाठी दोन वर्षं घोडा तयार करतात, आणि सगळा खेळ अडीच मिनिटांत आटोपतो. आमच्या बँकेत अडीच मिनिटांत पेनाचं टोपण उघडतं.

रविवारी दुपारी आम्ही महालक्ष्मी स्टेशनवर उतरतो. पुलावरून एका बाजूला धोबीघाट दिसतो. "जाताना तिकडे बघू नका, येताना बघा. धुऊन निघालेले आपणच असतो," हा विनोद मास्तर 21 वर्षं करतात आणि आम्ही 21 वर्षं हसतो. मैत्री म्हणजे दुसरं काय! मैदानावर मेंबरांच्या बाजूला बायकांच्या डोक्यावर मोठाल्या हॅटा असतात. आमच्या बाजूला पुस्तकांच्या सुरळ्या, बॉलपेनं आणि चेहऱ्यावर चिंता. हाजीअलीकडून वारा येतो. एवढी मोकळी हवा मुंबईत फुकट मिळत नाही, या एकाच मुद्द्यावर आम्ही दरवर्षीचा तोटा वसूल दाखवतो. 2024 साली या 211 एकरांपैकी 120 एकर उद्यानासाठी महापालिकेकडे गेले. मास्तर म्हणाले, "चला, ज्या मैदानावर आपण घालवले तिथे नातवंडं तरी खेळतील."

टोट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर माझं बी.कॉम. फुकट जाईल. सगळ्यांचे पैसे एका मडक्यात जातात. त्यातून क्लब आपलं कमिशन काढतो, सरकार आपला कर काढतं आणि उरलेलं, ज्यांचा घोडा आला, ते वाटून घेतात. 2017 साली जी.एस.टी. आला तेव्हा पैजेवर 28 टक्के लागला आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो 40 झाला. म्हणजे कुठलाही घोडा येवो, पहिलं सरकारच येतं. वर 1996 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आहे, की घोड्यांच्या शर्यतीत नशिबापेक्षा कौशल्य जास्त. त्या दिवसापासून आमची मोठी पंचाईत झाली. पूर्वी हरलो तर नशीब म्हणता यायचं. आता अक्कल म्हणावी लागते.

तर, एका वर्षीची गोष्ट. साल सांगत नाही, कारण शेठची मुलगी माझं लिखाण वाचते.

त्या शनिवारी शेठने वडे आणले, पण स्वतः एकही खाल्ला नाही. छापखाना बंद होऊन सहा महिने झाले होते. लग्नाच्या पत्रिका लोक मोबाइलवर पाठवायला लागले होते, आणि मोबाइलला शाई लागत नाही. आम्ही कुणी विषय काढला नाही, त्यानेही काढला नाही. रविवारी डर्बीला अर्धा तास असताना त्याने मला चहाच्या स्टॉलमागे नेलं आणि आतल्या खिशातून एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. पाचशेच्या पन्नास नोटा. मोजाव्या लागल्या नाहीत, हाताला कळतं.

"सात नंबर. विन. सगळे."

"शेठ, हे कसले पैसे?"

"माझे आहेत."

"कसले म्हणून विचारतोय."

तो मैदानाकडे बघत म्हणाला, "पोरीच्या फीचे. मंगळवारी भरायचेत. तेवढ्याने भागत नाही रे, अजून तेवढेच लागतात. तूच लाव. माझा हात थरथरतोय. तिकीटही तुझ्याकडेच ठेव. आणि त्या दोघांना बोलू नकोस."

मी रांगेत उभा राहिलो. वीस वर्षं बँकेत खिडकीच्या आत बसून मी एक गोष्ट शिकलो होतो, की गिऱ्हाइकाने स्वतःचे पैसे मागितले तर का म्हणून विचारायचं नाही. सही जुळते का बघायचं आणि द्यायचे. इथे सही कशाला, माणूसच जुळत नव्हता. हा पन्नासची अख्खी नोट काढून चौघांचा चहा पाजणारा शेठ नव्हता. खिडकी आली. आतला माणूस म्हणाला, "बोला." मागचा म्हणाला, "ओ साहेब, लावा ना, गेट उघडेल." मी वर्गणीतले पाचशे सात नंबरवर लावले, कारण मास्तरांचंही गणित सातवरच आलं होतं. पाकीट खिशातच राहिलं. मी रांगेतून बाहेर आलो आणि नळावर जाऊन दोन ग्लास पाणी प्यायलो.

मग माझ्यातला कॅशियर जागा झाला. सात नंबरचा भाव त्या वेळी एकाला चार होता. घोडा आला तर मी शेठचं एक लाख रुपयांचं देणं लागणार होतो. पी.एफ.वर कर्ज काढावं लागलं असतं. मी मनातल्या मनात फॉर्म भरायला घेतला. नाव, हुद्दा, खाते क्रमांक, सगळं सरळ गेलं, आणि 'कर्जाचे कारण' या रकान्याशी येऊन घोडं पेंड खाऊ लागलं.

शर्यत सुटली. पहिला मिनिटभर सात नंबर घोळक्यात होता, मला जरा बरं वाटलं. पण शेवटचं वळण घेऊन घोडे सरळ रस्त्याला लागले आणि सात बाहेरून असा निघाला, की स्टँडच उभं राहिलं. मास्तर "सात! सात!" करून पाढे म्हणत असल्यासारखे ओरडत होते. डॉक्टर माझ्या पाठीवर बुक्के मारत होता. शेठ ओरडत नव्हता, नुसते ओठ हलत होते. माझेही हलत होते. एकाच घोड्यासाठी आम्ही दोघे एकाच देवाला उलटसुलट गाऱ्हाणं घालत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मी म्हणत होतो, देवा, आमचा घोडा हरू दे.

दोन घोडे एकदम खांब ओलांडून गेले. फोटो फिनिश. तो फोटो येईपर्यंत किती वेळ गेला मला माहीत नाही. तेवढ्या वेळात मी फंडाचे सगळे हप्ते फेडले, निवृत्त झालो आणि परत चाळीत राहायला गेलो.

सात नंबर दुसरा आला.

शेठ पायरीवर बसला. मी शेजारी बसलो आणि पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते बराच वेळ उचललंच नाही.

"लावले नाहीस?"

"नाही."

"आणि आला असता तर?"

मला उत्तर सुचलं नाही. शेठच म्हणाला, "पैसे माझे होते. तू कोण ठरवणारा?"

खरं तर त्याचं बरोबर होतं. गिऱ्हाइकाची सूचना डावलणं हा बँकेत गुन्हा आहे, मेमो मिळतो. तो उठला, पाकीट खिशात घातलं आणि आमच्याबरोबर न येता एकटाच स्टेशनकडे गेला. त्या वर्षी येताना धोबीघाटावरचा विनोद मास्तरांनी केला नाही. वहीत मी पाचशे रुपये नावे टाकले. पंचवीस हजारांची नोंद कुठल्या बाजूला करायची हे मला अजून कळलेलं नाही. ते बी.कॉम.ला नव्हतं.

अकरा महिने शेठचा फोन नाही. मीही केला नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एकदा रात्री घंटी वाजली. "कॅशियर, शनिवारी वडे किती आणू? वहिनी आहेत का नेहमीसारख्या माहेरी?" एवढंच. मंगळवारच्या फीचं काय झालं ते मी विचारलं नाही. पोरगी इंजिनिअर झाली, त्या अर्थी फी भरली गेली असणार. शेठला दुसऱ्याच्या छापखान्यात नोकरी लागली होती, आणि वडे पुन्हा चार जास्तच होते.

त्या शनिवारी वर्गणी गोळा करताना त्याने हजार रुपये पुढे केले, पण नोटा हातातून सोडेना.

"आधी पावती," तो म्हणाला. "बँकवाल्यांचा भरवसा नाही. सांगितलेल्या ठिकाणी पैसे लावत नाहीत."

मास्तर आणि डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिले. मी वहीचं पान फाडून रीतसर पावती लिहिली, सही केली. त्याने ती दोनदा वाचली, घडी घालून आतल्या खिशात ठेवली आणि मग नोटा सोडल्या.

तेव्हापासून दरवर्षी तो पावती घेतो. आणि दरवर्षी खिडकीकडे निघालो, की मागून हाक येते, "कॅशियर, या वेळी लाव हं!"

मी लावतो. घोडा अर्थातच येत नाही.