सीडर रॅपिड्सचा दस्तरखान

आमचे भाईजान अमेरिकेत असतात असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, ‘न्यूयॉर्क की न्यू जर्सी?’ आम्ही ‘आयोवा’ म्हणतो आणि समोरचा गप्प होतो. खुद्द आम्हालाही आयोवाबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिथे मका पिकतो आणि हिवाळ्यात भाभींचा आवाज फोनवरसुद्धा कुडकुडतो. २०२४ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली, चार वर्षं बाजूला टाकलेले पैसे तिकिटात घातले आणि आम्ही पती-पत्नी चिपळूणहून निघून शिकागोला उतरलो. तिथून मोटारीने चार तास पश्चिमेला. वाटेत मिसिसिपी लागली. वाशिष्ठीकाठची माणसं आम्ही; २०२१ च्या जुलैपासून कुठलीही नदी दिसली की आधी तिचं पाणी कुठवर आहे ते बघतो.

सीडर रॅपिड्सच्या लोकांचीही तीच सवय निघाली. २००८ च्या जूनमध्ये सीडर नदीने त्यांच्या शहराचा मोठा भाग बुडवला होता. भाईजान अजून दाखवतात, पाणी इथपर्यंत होतं, तिथपर्यंत होतं. नदीकाठी क्वेकर ओट्सची अवाढव्य गिरणी आहे आणि वारा तिकडून आला की सगळ्या गावात भाजलेल्या धान्याचा वास सुटतो. पहिल्या सकाळी आम्हाला वाटलं, भाभी सातूचं पीठ भाजतायत.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी भाईजानांनी एक कागद पुढे ठेवला. शुक्रवारी रात्री दोन पाहुणे जेवायला येणार होते, शिवाय त्यांची दुभाषी. एक कझाकस्तानच्या मुख्याध्यापिका, एक किर्गिझस्तानचे तरुण शिक्षक. कागदावर त्यांचा हुद्दा, काय शिकवतात, काय खात नाहीत, हे सारं लिहिलेलं.

‘‘आपले कोण लागतात?’’ आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

‘‘कोणीच नाही,’’ भाभी म्हणाल्या. ‘‘शनिवारी निघून जातील.’’

ही काय भानगड ते मग आम्ही समजून घेतलं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं जगभरातून शिक्षक, पत्रकार, न्यायाधीश, अधिकारी अशी कामातली माणसं थोड्या आठवड्यांसाठी बोलावतं. त्याला इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्राम म्हणतात. सुरुवात १९४० ची, लॅटिन अमेरिकेच्या पत्रकारांपासून. यासाठी अर्ज करता येत नाही; त्या त्या देशातली अमेरिकी वकिलात नावं सुचवते. मार्गारेट थॅचर पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, अशाच फिरून गेल्या होत्या. पाहुणे आधी वॉशिंग्टनला जातात, मग त्यांना लहानमोठ्या शहरांत पाठवतात. तिथे त्यांची व्यवस्था सरकार बघत नाही, गावातल्या स्वयंसेवी संस्था बघतात. आयोवाच्या या भागात ते काम ‘सिव्हिक’ करते, आयोवा सिटीची संस्था. देशभर अशा ऐंशीहून अधिक संस्था आहेत. शाळा दाखवणं, महापौरांना भेटवणं हे त्यांचं काम, आणि एका संध्याकाळी एखाद्या घरी जेवण. यजमानाला त्याचा एक पैसा मिळत नाही. तिकडे या साऱ्याला ‘नागरिकांची मुत्सद्देगिरी’ म्हणतात. शब्द फार मोठा वाटला. आपल्याकडे यालाच मेहमाननवाजी म्हणतात आणि त्यासाठी कोणी कागद पाठवत नाही, असं आम्ही थोडं तोऱ्यातच म्हणालो.

भाईजान हसले. ‘‘तुझ्या घरी शेवटचा अनोळखी माणूस कधी जेवला?’’

आम्ही आठवू लागलो. पुराच्या दिवसांत जेवले होते, रोज वीस-पंचवीस. त्यानंतर? त्यानंतर कोणी नाही.

भाईजानांचं कारण वेगळं होतं. ते इथे आले त्या पहिल्या वर्षी आठ महिने कोणी त्यांना घरात बोलावलं नव्हतं. ऑफिसात सगळे गोड बोलत, पण संध्याकाळी दारं बंद. मग पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याने बोलावलं. भाभी तेव्हा सात महिन्यांच्या गरोदर होत्या. त्या आजीबाईंनी विचारून विचारून स्वयंपाक केला, कशात काय आहे ते चिठ्ठ्या लिहून भांड्यांवर चिकटवलं. ते जोडपं तीस वर्षांपासून असे परदेशी पाहुणे घेत होतं. त्यांनीच भाईजानांचं नाव संस्थेकडे दिलं.

गुरुवारी भाईजान आम्हाला शहरातली जुनी मशीद दाखवायला घेऊन गेले. पाहुण्यांनाही दाखवायची होती म्हणून वेळ विचारायची होती. घरांच्या रांगेत एक पांढरी लाकडी इमारत, वर छोटा हिरवा घुमट. आपल्या खेड्यातल्या शाळेएवढीसुद्धा नाही. नाव ‘मदर मॉस्क ऑफ अमेरिका’. १९३४ मध्ये बांधली. मशीद म्हणूनच बांधलेली आणि आजही उभी असलेली ही अमेरिकेतली सर्वांत जुनी. बांधणारे लोक सिरिया-लेबनॉनकडचे. पाठीवर गाठोडं घेऊन शेतावर शेतावर फिरून सुया, कापड, बटणं विकायचे, पुढे किराण्याची दुकानं टाकली. १९७१ ला जमात मोठ्या इमारतीत गेली आणि ही विकली गेली. मधे काही काळ इथे चर्चही होतं. १९९० मध्ये परत विकत घेऊन दुरुस्त केली. तळघरात जुने कागद ठेवले होते, ते २००८ च्या पुरात भिजले. आमच्या शाळेची जुनी हजेरीपुस्तकं आम्ही याच हातांनी चिखलातून काढली होती, तेव्हा त्या तळघराच्या जिन्यावर आम्ही जरा जास्तच वेळ उभे राहिलो.

शुक्रवारी भाभींनी घर डोक्यावर घेतलं. मटणाचा सालना, तांदळाच्या भाकऱ्या, मसूर, आणि रव्याचं सांदण. नारळाचं दूध डब्यातलं, पण त्याला इलाज नाही. हलाल मटण शहरातच मिळतं.

साडेसहाला पाहुणे आले. मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, शिमकेंतजवळच्या. उंच, ताठ, केस कापलेले. शिक्षक ओशजवळच्या खेड्यातले, पदार्थविज्ञान शिकवणारे, फार लाजाळू. त्यांनी भाईजानांच्या डोक्यावर पांढऱ्या लोकरी नमद्याची टोपी ठेवली. कल्पाक म्हणतात तिला. दुभाषीबाई रशियनमधून इंग्रजीत सांगत. सगळे बसले, पाणी दिलं. बाईंनी भिंतीवरची खत्ताती पाहिली, आमच्या सौभाग्यवतींची ओढणी पाहिली, भाकरीची टोपली पाहिली आणि दुभाषीला काहीतरी म्हणाल्या. दुभाषी क्षणभर थांबली.

‘‘त्या म्हणतात, आम्हाला एक अमेरिकन घर बघायला मिळेल असं सांगितलं होतं.’’

वाईट हेतू नव्हता. पण भाईजान ताटाकडे बघत राहिले. भाभी हातात पळी घेऊन तशाच उभ्या. तेवढ्यात आमची अकरा वर्षांची पुतणी इंग्रजीत म्हणाली, ‘‘हे अमेरिकन घरच आहे. मी इथे जन्मले. चला, दाखवते.’’ आणि खरंच त्यांना हाताला धरून गॅरेजपासून सुरुवात केली: बर्फ काढायचं यंत्र, वादळ आलं की लपायचं तळघर, तिचा सॉफ्टबॉलचा हातमोजा. बाई परत आल्या तेव्हा हसत होत्या.

रात्री भांडी पुसताना भाईजान आम्हाला म्हणाले, ‘‘हे वाक्य मला बारा वर्षांत कधी बोलता आलं नाही. परीक्षा देऊन, शपथ घेऊन नागरिक झालो मी. तरी तोंडातून निघत नाही.’’ आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं?

पण त्या टेबलावरची दुसरी चूक आमची होती. मटणाची तारीफ झाली, आणि आम्हाला वाटलं, चला, आपलेच लोक आहेत. आम्ही मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, तुमच्याकडे लोक रोजे ठेवतात का, तुम्ही ठेवता का, मुलींना कुराण शिकवता का. त्यांनी चमचा खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाल्या, ‘‘मला या देशात येऊन दोन आठवडे झाले. प्रत्येक जण माझा धर्म विचारतो. माझी शाळा कोणीच विचारत नाही.’’

वाचकहो, बावीस वर्षं आम्ही शिक्षकी करतो, आणि समोर बसलेल्या शिक्षिकेला हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. कान गरम झाले. आम्ही माफी मागितली आणि शाळा विचारली.

मग ती बाई बोलायला लागली. दोन पाळ्यांत भरणारी शाळा. सकाळची पाळी सुटते न सुटते तोच दुपारची मुलं फाटकात. वर्ग झाडायला मिळणारी मधली काही मिनिटं. आम्ही म्हटलं, आमचीही दोन पाळ्यांची, आणि दुपारच्या पाळीची मुलं नेहमी पेंगतात. त्या म्हणाल्या, दुपारच्या पाळीला गणित कधी ठेवू नका. किर्गिझ शिक्षक पहिल्यांदा मोठ्याने बोलले: त्यांच्याकडे हिवाळ्यात दुपारची मुलं अंधारात घरी जातात, म्हणून शेवटचा तास ते प्रयोगाचा ठेवतात, म्हणजे कोणी दांडी मारत नाही. आम्ही वही मागवली.

‘वही’ला तुम्ही काय म्हणता, असं बाईंनी विचारलं, आणि तिथून दुभाषीला पंधरा मिनिटं काम उरलं नाही. त्यांच्याकडे वही म्हणजे ‘दाप्तेर’. आमच्याकडे दप्तर म्हणजे ज्यात वह्या असतात ते. शाळा ‘मेक्तेप’, आमचा मकतब. शिक्षक ‘मुगालिम’, आमचा मुअल्लिम. पुस्तक एकाकडे ‘किताप’, दुसऱ्याकडे ‘कितेप’. लेखणीला कलम, भाकरीला नान, मित्राला ‘दोस’. आठवड्याला ‘आप्ता’ म्हणतात. आम्ही हप्ता म्हणतो, तो मात्र आपल्याला कर्जाचा आठवतो. फायदा ‘पायदा’ झालाय. एका कागदावर त्यांची रशियन वळणाची अक्षरं, शेजारी आमची उर्दू, खाली देवनागरी. सौभाग्यवतींनी ‘बाजार’ची भर घातली, तो तर जसाच्या तसा निघाला. उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना दरसाल सांगतो की शब्द प्रवास करतात. ते शब्द दुसऱ्या वाटेने येऊन समोर बसलेले पहिल्यांदाच पाहिले.

‘किताब’वरून बाई आपण होऊन म्हणाल्या, सोव्हिएत काळात त्यांच्या आजीने घरातलं कुराण पिठाच्या पेटीत तळाशी ठेवलं होतं. आजी गेल्यावर पेटी रिकामी करताना सापडलं. कोणाला वाचता येत नव्हतं. आता त्यांच्या कपाटात आहे. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी हे सांगितलं नव्हतं. विचारायचं थांबलो तेव्हा सांगितलं.

निघताना दोघं ‘रहमेत’ म्हणाले. म्हणजे धन्यवाद. भाभींना ते ‘रहमत’ ऐकू आलं आणि त्या ‘आमीन’ म्हणून गेल्या.

पुढच्या आठवड्यात शेजारचे शेतकरी आजोबा आम्हाला मस्कॅटिनला घेऊन गेले. मिसिसिपीच्या काठचं गाव. एके काळी नदीतल्या शिंपल्यांपासून मोत्यासारखी बटणं करण्याचा मोठा धंदा होता. १९८५ मध्ये चीनच्या हेबेई प्रांतातून शेतीचा अभ्यास करायला एक शिष्टमंडळ इथे आलं. त्यातला एक तरुण अधिकारी एका कुटुंबाच्या घरी, कॉलेजला गेलेल्या मुलाच्या खोलीत दोन रात्री राहिला. त्याचं नाव शी जिनपिंग. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उंबरठ्यावर असताना तो मुद्दाम त्या गावात परत आला आणि जुन्या लोकांबरोबर चहा प्यायला. ज्या घरात तो राहिला होता ते पुढे चिनी मालकाने घेऊन स्मारकासारखं केलं. आम्ही बाहेरून पाहिलं. साधं घर, साधं अंगण.

परतताना आम्ही आजोबांना विचारलं, मग या सगळ्याचा उपयोग काय झाला? २०१८ मध्ये दोन्ही देशांचं आयातकरांचं भांडण पेटलं आणि चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर पंचवीस टक्के कर लावला. सोयाबीन पिकवणारे आयोवाचेच शेतकरी. आजोबा म्हणाले, ‘‘माझंही नुकसान झालं. जेवू घातलं म्हणून कोणी माझा भाव वाढवून देईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.’’ मग बराच वेळ दोन्ही बाजूंचे मक्याचे कोंब बघत त्यांनी गाडी चालवली. ‘‘पण त्या लोकांचा मला राग येत नाही. टीव्हीवर चीन म्हटलं की मला आमच्याकडे जेवलेला एक डुकरांचा डॉक्टर आठवतो. फार हसायचा.’’ आमच्या मते एवढंच पदरात पडतं. कमी आहे, हे आम्हाला कळतं.

जाता जाता आपल्याकडचं एक सांगून टाकतो. आमच्या तालुक्यात एका शाळेत मागे परदेशी शिक्षक आले होते. हार घातले, स्वागतगीत झालं, सहा भाषणं झाली, शाली दिल्या, आणि त्यांना गाडीत बसवलं. वर्ग कोणी दाखवला नाही, घरी कोणी नेलं नाही. आम्ही पहिल्या रांगेत होतो.

२०२५ च्या मार्चमध्ये बातमी आली की आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला परराष्ट्र खात्याकडून मिळणारी अनुदानं बंद झाली. १९६७ पासून जगभरचे लेखक इथे येऊन राहतात. आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात इथेच होते. भाईजानांना फोन केला. म्हणाले, ‘‘या वसंतात आमच्याकडे एकही कागद आलेला नाही.’’ भाभी मागून म्हणाल्या, फ्रीजरमध्ये मटण तसंच पडलंय.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात पुतणीच्या फोनवरून एक फोटो आमच्याकडे आला. शिमकेंतजवळच्या त्या शाळेतला फळा. वर रशियन वळणात त्यांचा शब्द आणि खाली खडूने, ओळीवर नीट न बसलेल्या देवनागरीत, ‘दफतर’. आम्ही तो नववीच्या वर्गात दाखवला. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘‘सर, ‘द’नंतर ‘प’ला ‘त’ जोडायचा असतो, त्यांना कळवा.’’

कळवलंय. आता उत्तराची वाट बघतोय.