पुस्तकात नसलेले पान

परवा नातू माझ्या शेजारी बसून मोबाईलवर एक गुन्हेगारीची मालिका पाहत होता. तिचा सहावा का सातवा सीझन चालू होता म्हणे. मधेच त्याने ती बंद केली आणि म्हणाला, "आजोबा, हिच्यात आता राम राहिला नाही. आधी काय सुंदर होती!" जिवलग मित्राने पैसे बुडवावेत तसा पोराचा चेहरा पडला होता. मी त्याची समजूत घालणार होतो, पण जीभ रेटेना. साधारण अशीच वाक्ये साठ वर्षांपूर्वी आमच्या कोरीटच्या ओट्यावर मी बोललो होतो, आणि त्यांतून जे झाले ते अजून मनातून जात नाही.

कोरीट हे नंदुरबार तालुक्यातले गाव. आज जिल्हाही नंदुरबारच, पण तो झाला १९९८ साली. त्या वेळी आम्ही धुळे जिल्ह्यातले होतो, आणि म्हातारी माणसे तर पश्चिम खानदेशच म्हणत. दसरा उलटला की नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीची आवक सुरू होई. माळावर पथाऱ्याच्या पथाऱ्या मिरची वाळत पडे. माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ, आम्ही सारे त्यांना आप्पा म्हणत असू, गाडीतून मिरची घालायला जात आणि परतताना कोटाच्या खिशातून एक डिटेक्टिव्ह कादंबरी घेऊन येत. तिच्या पानापानाला मिरचीचा खकाणा बसलेला असे. वाचणारा शिंकला की ऐकणाऱ्यांना कळायचे, आज नवे पुस्तक निघाले.

ऐकणारे बरेच होते आणि वाचणारे आप्पा एकटेच. ते जुनी फायनल पास. कंदिलाभोवती मोठी माय, म्हणजे माझी आजी, आमचे दोघे सालदार, शेजारचे शिंपीकाका आणि आम्ही पोरेटोरे. पुस्तकातली भाषा गिरगाव-दादरची. आप्पा एक वाक्य डोळ्यांनी वाचीत आणि ओठांतून ते अहिराणीत बाहेर पडे. पोलीस कमिशनरसाहेब आमच्या ओट्यावर पाटलासारखे बोलत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

रहस्यकथांचा तो सुकाळ होता. बाबुराव अर्नाळकरांचे नाव तर घरोघर होते. झुंजार आणि विजया, काळा पहाड, धनंजय आणि छोटू अशी माणसे त्यांनी उभी केली आणि आयुष्यात हजारांहून अधिक पुस्तके लिहिली. आप्पा आणीत ती मालिका मात्र दुसऱ्या कोणाची होती. तिच्या लेखकाचे नाव मी सांगत नाही. तक्रारीला उत्तर द्यायला ते आता हयात नाहीत. पहिली दहा-बारा पुस्तके आम्ही श्वास रोखून ऐकली. मग हळूहळू काहीतरी बिघडले. प्रत्येक पुस्तकात नायक नवव्या प्रकरणात भुयारात सापडे, खलनायक सिगार पेटवून आपला सगळा बेत त्याला समजावून सांगे, आणि पिस्तुलाची गोळी नायकाच्या कानाला चाटून जाई. कानच तो, पण किती गोळ्यांनी चाटावा! त्यातून मलपृष्ठावर पुढच्या महिन्यातल्या पुस्तकाची जाहिरात असायची. म्हणजे हा गडी मरत नाही हे आम्हाला पहिल्या पानाआधीच ठाऊक.

एका रात्री मोठी माय वातीला तेल घालताना म्हणाली, "हाऊ भुयारमा कितला येळा जास रे?" सालदार हसले. त्या हसण्यात जांभई होती. आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि काही बोलले नाहीत.

आणि गंमत अशी की, त्यानंतर पुस्तके एकाएकी सुधारली. नायकाचा हात मोडला आणि तीन रात्री तो मोडलेलाच राहिला. एका फौजदाराचा बैल मेला. ऐन पेरणीत तो पाठलाग सोडून दुसऱ्याचा बैल मागायला गेला. एका खुन्याची म्हातारी आई त्याला भाकर द्यायला आली, तेव्हा सालदारांनी डोळे पुसले. शेवटी तर मुंबईचा हा डिटेक्टिव्ह भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसला आणि चक्क नंदुरबारला उतरला! ओट्यावर केवढा गलका झाला. कोणत्या दाराने बाहेर पडला, टांगा केला की पायी गेला, सगळ्यांनाच जाणून घ्यायचे होते. आप्पांनी त्याला पायीच नेले. अंधारातून तो माणिक चौकात आला आणि तिथे थबकला. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सवंगडी पोलिसांच्या गोळ्यांनी पडले ते तिथेच. शिरीष अवघा पंधरा वर्षांचा होता. कानाला चाटून जाणाऱ्या गोळ्यांचा तो नायक तिथे उभा राहिला आणि त्याने टोपी काढली, असे आप्पांनी वाचले. नेमक्या त्या घटकेला त्याच्या मागे कोणाची तरी पावले वाजली. ओट्यावर कोणी हालेना. आप्पांनी पुस्तक मिटले. उरलेले उद्या.

मला दम निघेना. बारा वर्षांचे वय, नुकताच अडखळत का होईना पुस्तके वाचायला लागलेलो, त्याची घमेंडही होतीच. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांच्या उशाखालचे पुस्तक काढले आणि कणगीमागे बसून अथपासून इतिपर्यंत वाचले. त्यात नंदुरबार नव्हते. पॅसेंजर नव्हती, चौक नव्हता. नायक नवव्या प्रकरणात भुयारात होता आणि खलनायक सिगार पेटवीत होता.

आज मला कळते की त्या दुपारी मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. रात्री आप्पांनी पुस्तक उघडून "चौकातली पावले जवळ आली," एवढे म्हटले मात्र, मी उठून उभा राहिलो. "आप्पा, हे पुस्तकात नाही! मी वाचले आहे. आधी गोष्टी किती छान होत्या, आता तुम्ही खोटेच सांगता."

आप्पांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी पान उलटले आणि छापले होते तसे वाचायला सुरुवात केली, अहिराणीत नव्हे, गिरगावच्या मराठीत, एकेक अक्षर. त्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. आठवडाभरात शिंपीकाका यायचे थांबले. सालदार दूर विडी ओढत बसू लागले. संक्रांतीनंतर आप्पांच्या कोटाच्या खिशातून पुस्तक निघाले नाही, ते पुन्हा कधीच.

पुढे कॉलेजात शेरलॉक होम्स वाचला आणि ही निराशा फक्त आमच्या ओट्याची नव्हे हे कळले. कॉनन डॉयल होम्सला इतका कंटाळला की डिसेंबर १८९३ मध्ये त्याने त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यात लोटला. त्याआधी त्याच्या आईनेच असे करू नकोस म्हणून बजावले होते. वीस हजारांवर लोकांनी 'स्ट्रँड' मासिकाची वर्गणी तोडली असे सांगतात. १९०३ साली होम्स जिवंत परतला. पण कॉर्नवॉलच्या एका नावाड्याने डॉयलला तोंडावर सांगितले की, कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, मात्र त्यानंतर तो पहिल्यासारखा उरला नाही. ही हकीकत डॉयलनेच नोंदवून ठेवली आहे, यात त्याचा मोठेपणा. वाचक बारीक नजरेचे असतात. वॉटसनची युद्धातली जखम पहिल्या पुस्तकात खांद्याला आहे आणि दुसऱ्यात पायाला, हेही त्यांनी कधीच पकडले होते. तिकडे अगाथा ख्रिस्तीलाही तिचा प्वारो नकोसा झाला होता. त्याच्या मरणाची कादंबरी तिने दुसऱ्या महायुद्धातच लिहून कडीकुलपात ठेवली आणि १९७५ साली बाहेर काढली.

मला या लेखकांची कीव येते. महिन्याला पुस्तक हवे, मागच्यासारखेच हवे आणि शिवाय नवेही हवे! नावाड्याला भेटेपर्यंत डॉयलला त्याचे म्हणणे कळणार कसे? आप्पांचा नावाडी मात्र समोरच बसलेला होता. जांभई दिसली रे दिसली की त्याच रात्री आप्पा गोष्टीला डागडुजी करीत. ती कोणी मागितलेली नव्हती आणि तिच्यावर त्यांचे नावही नव्हते.

आप्पा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी मी उघडली. मिरचीचा वास अजून होता. त्या मालिकेतली चार पुस्तके निघाली आणि मिरचीच्या हिशेबाची एक वही. वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने बारीक अक्षरात यादी होती: "हात मोडला – झाले. फौजदाराचा बैल – झाले. खुन्याची माय – झाले, पुन्हा नको. तापीचा पूर – बाकी. पॅसेंजर – झाले." एकच युक्ती आमच्यापुढे दोनदा येऊ नये म्हणून ते टिपून ठेवीत होते. शेवटची ओळ अशी होती: "चौक. मागे पावले." तिच्यापुढे काहीच नव्हते.

हे सगळे मी परवा नातवाला सांगितले. मोबाईल केव्हाच बाजूला पडला होता. तो जवळ सरकून म्हणाला, "पण आजोबा, चौकात त्याच्या मागे होते कोण?"

मी काय सांगणार? आप्पा ते सांगतच होते, तेवढ्यात मी उठून उभा राहिलो होतो.