मुलांची ओळख

घरभेटीस गेलो असता एक प्रश्न मला अलीकडे वरचेवर ऐकावयास मिळतो. "फादर, आमच्या पोरीला नाटकाचे भारी वेड आहे. अभिनय शिकायला पुण्यास जाईन म्हणते. काय करावे?" विचारणाऱ्या आईच्या मुखावर भय असते, आणि दाराआड उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांत आशा. अशा वेळी मी भोपाळच्या एका मुलीची हकिकत सांगतो.

जया भादुरी यांचा जन्म ९ एप्रिल १९४८ रोजी जबलपूर येथे झाला. वडील तरुणकुमार भादुरी हे पत्रकार व लेखक; कुटुंब बंगाली, बिऱ्हाड भोपाळात. तेथील सेंट जोसेफ कॉन्व्हेंट या शाळेत त्या शिकल्या. सत्यजित राय यांच्या 'महानगर' (१९६३) या बंगाली चित्रपटात त्यांनी लहानशी भूमिका केली, तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. शाळकरी मुलीने बोलपटात काम करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पण घरच्यांनी त्यांची वाट अडविली नाही. पुढे त्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाल्या. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' ज्या आवारात तयार झाला, तेच हे आवार. तेथून त्या सुवर्णपदक मिळवून बाहेर पडल्या.

मुलीच्या अंगी गुण आहे, हे घराने ओळखले. आणि त्या गुणाला शिक्षणाची शिस्तही लावली. या दोन्ही गोष्टी आईबापांनी ध्यानी घ्याव्यात. नुसत्या हौसेवर भरवसा ठेवून मुलीला अनोळखी शहरी धाडणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

'गुड्डी' (१९७१) मध्ये त्यांनी पडद्यावरील नायकावर भाळलेली शाळकरी मुलगी रंगविली. चंदेरी दुनिया म्हणजे देखावा आहे, हे त्या मुलीला हळूहळू उमगते. 'मुंबईचा जावई' या मराठी चित्रपटावरून निघालेल्या 'पिया का घर' (१९७२) मध्ये त्या चाळीतल्या दाटीत संसार मांडणारी नवी सून झाल्या. त्याच वर्षीच्या 'कोशिश' मध्ये त्यांनी मूकबधिर स्त्रीची भूमिका केली, आणि 'शोले' (१९७५) मध्ये दिवे लावणाऱ्या अबोल विधवेची. भपका नाही, शब्दही थोडे. डोळेच काय ते बोलतात.

१९७३ साली अमिताभ बच्चन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 'सिलसिला' (१९८१) नंतर अनेक वर्षे त्या पडद्यापासून जवळजवळ दूरच राहिल्या. "बघा, शेवटी चूलच खरी!" असे यावर कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. त्यांच्या अंगची कला विझली नव्हती. १९९३ साली दूरदर्शनवर आलेल्या 'देख भाई देख' या एकत्र कुटुंबाच्या विनोदी मालिकेच्या त्या निर्मात्या होत्या. आणि १९९८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या 'हजार चौरासी की माँ' या चित्रपटात नायिका म्हणून परतल्या.

महाश्वेता देवींच्या कादंबरीवरील या चित्रपटातली सुजाता ही सुखवस्तू घरातली आई. तिचा तरुण मुलगा मारला जातो. प्रेतागारात त्याला नाव उरत नाही, १०८४ हा आकडा तेवढा उरतो. मग ती त्याच्या सोबत्यांकडे जाते, त्याचे विचार समजून घेते. आणि ज्याला पोटात वाढविले, त्याची खरी ओळख तिला त्याच्या मरणानंतर पटते.

आपल्या घरातल्या मुलांना आपण कितपत ओळखतो? ती काय वाचतात, कशासाठी रात्री जागतात, काय बोलावेसे वाटून गप्प राहतात? धन्याने दिलेले द्रव्य भीतीपोटी जमिनीत पुरणारा सेवक प्रभू येशूच्या दृष्टांतात आहे. त्याने ते उधळले नव्हते, चोरलेही नव्हते. तरी तो दोषी ठरला. लेकरांच्या अंगचे गुण हीही परमेश्वराची ठेवच आहे. म्हणून, मातापित्यांनो, 'हो' किंवा 'नाही' म्हणण्यापूर्वी दाराआड उभ्या असलेल्या त्या मुलीला आत बोलवा, शेजारी बसवा, आणि तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.