वरून पडेल ते

"काकू, लाल माती चालेल की शेणखत मिसळू?" ब्रोमेलियाड विकत घेणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. मी सांगते, माती नकोच. नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा कोळसा, असतील तर विटांचे खडे. झाड उभं राहण्यापुरतं काहीतरी. पाणी कुंडीत घालायचं नाही, पानांच्या मधोमध जो पेला तयार होतो त्यात घालायचं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की काकू खरं काय ते सांगत नाहीये. शहाणी माणसं घरी जाऊन गुपचूप माती घालतात आणि दोन महिन्यांनी बुडाशी कुजलेल्या झाडाचा फोटो पाठवतात.

या कुळातल्या निम्म्याहून अधिक जाती रानात जमिनीला पाय लावत नाहीत. झाडाच्या फांदीवर, कातळाच्या उभ्या भिंतीवर, काही तर गावातल्या विजेच्या तारांवरही वाढतात. मुळं असतात ती मुख्यतः पकडीसाठी. बांडगूळ मात्र नव्हे; ज्या फांदीवर बसतात तिच्यातला रस ती घेत नाहीत. पाणी आणि अन्नक्षार पितात ती पानं. पानावर डोळ्याला न दिसणारे खवले असतात. कोरडे असताना त्यांत हवा भरलेली असते म्हणून पान रुपेरी दिसतं. थेंब पडला की खवल्याच्या मधल्या पेशी फुगतात, पाणी आत ओढलं जातं आणि बघता बघता पान हिरवं होतं. वाट बरीचशी एकेरी आहे. आत गेलेलं पाणी त्या वाटेनं सहजी बाहेर येत नाही. पहिल्यांदा याच कुळातल्या टिलँडसियावर पाण्याचा फवारा मारून तो रंग पालटताना पाहिला तेव्हापासून मी या झाडांची झाले, असं म्हणायला हरकत नाही.

माझी नर्सरी श्रीवर्धनच्या बाजूला, सासऱ्यांच्या सुपारीच्या वाडीत आहे. वर सुपाऱ्या आणि माड, खाली बांबूच्या मांडवांवर ब्रोमेलियाड. बाकीचे नर्सरीवाले खाली मातीत बघतात, मी वर बघते. कारण या झाडावर जे वरून पडेल ते ते घेतं. नको ते नाकारण्याची सोय त्याच्याकडे फारशी नाही.

त्याच्या मूळ मुलखातही सगळा प्रश्न हाच आहे. या कुळात साडेतीन हजारांहून जास्त जाती. त्यांतली एकच आफ्रिकेत, गिनीच्या खडकांवर. बाकी झाडून सगळ्या अमेरिका खंडांत, उत्तरेला व्हर्जिनियापासून खाली पॅटागोनियापर्यंत. कुठे काय पडतं त्याप्रमाणे झाडाचं रूप ठरलेलं. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या रानात पाऊस आणि पालापाचोळा भरपूर, तिथं रुंद पानांचे पेले. अटाकामाच्या वाळवंटात पाऊस जवळजवळ नाहीच, तिथं टिलँडसिया लँडबेकी नुसत्या वाळूवर पसरलेली, मुळं असून नसल्यासारखी, समुद्रावरून येणारं धुकं पिऊन जगणारी. व्हेनेझुएला आणि गयानाच्या सपाट माथ्याच्या डोंगरांवर जमीन इतकी निकस की ब्रोकिनिया रिडक्टानं कीटक खायला सुरुवात केली. तिच्या पानांच्या नळीला आतून मेणाची भुकटी, खाली गोड वासाचं आंबट पाणी. मुंग्या घसरतात त्या वर येत नाहीत.

पेल्यात काय काय राहतं हे नीट मोजायचं सुचलं ते कोस्टा रिकाच्या क्लोदोमिरो पिकादोला. १९१३ साली त्यानं ब्रोमेलियाडच्या पाण्यातल्या जिवांवर प्रबंध लिहिला आणि या झाडांकडे एक विखुरलेलं तळं म्हणून बघायला शिकवलं. जमीन कोरडी असली तरी रानात दहा-वीस मीटर उंचीवर हजारो वाट्यांमध्ये पाणी साठलेलं असतं. त्रिनिदादमधल्या एका मोठ्या जातीच्या पेल्यांत वीस लिटरपर्यंत पाणी मावतं. त्यात कुजणारी पानं, त्यावर जगणाऱ्या अळ्या, अळ्यांवर जगणाऱ्या चतुराच्या अळ्या, बेडूक. या सगळ्यांच्या विष्ठेतून जे विरघळतं ते झाड पितं.

यांतला माझा सगळ्यात आवडता रहिवासी जमैकाचा खेकडा, मेटोपॉलियास डिप्रेसस. नखाएवढ्या पिल्लांसाठी आई पानांच्या बगलेतलं एक डबकं निवडते आणि त्यातली कुजकी पानं काढून टाकते, म्हणजे पाण्यातला प्राणवायू टिकतो. मग गोगलगायींचे रिकामे शंख शोधून आणून त्या पाण्यात टाकते. शंखातला चुना विरघळतो, पाण्याचा आंबटपणा मोडतो आणि पिल्लांच्या कवचाला कॅल्शियम मिळतं. पुढे त्यांना झुरळं, पैसे किडे आणून भरवते. समुद्रापासून दूर, डोंगरात, एका झाडाच्या बगलेत खेकड्यानं पाण्याचा सामू सांभाळावा! मी बोअरच्या पाण्याचे क्षार मोजायला मीटर घेतला तेव्हा तिची आठवण झाली होती. बोअरचं जड पाणी पेल्यात वापरलं की पानांवर पांढरे डाग बसतात आणि खवले बुजतात. म्हणून पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवते आणि उन्हाळाभर पुरवून वापरते.

आता वरून पडणाऱ्या मोरचुदाबद्दल.

सुपारीला कोळेरोग येतो. पावसाळ्याच्या तोंडावर, आणि मग साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा, घोसांवर बोर्डो मिश्रण मारावं लागतं: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. सुपारीला हे औषध, ब्रोमेलियाडला विष. तांबं खवल्यांवाटे थेट आत जातं आणि वाढीचा कोंब मारतं. वरून बाकी सगळं ठीक दिसतं, आठवड्याभरानं मधलं पान ओढलं की हातात येतं. त्यामुळे फवारणीच्या आदल्या दिवशी सगळी झाडं उचलून पडवीत. वर चढणारा गडी दरवर्षी हसतो, "वहिनी, पोरांना आत घेतलंत का?"

हेच मोरचूद या झाडांच्या मुलखात त्यांना मारण्यासाठीच वापरलं गेलंय, हे मला कितीतरी उशिरा वाचायला मिळालं. त्रिनिदादमध्ये कोकोच्या बागांना सावलीसाठी आपल्या पांगाऱ्याच्या गोतातली मोठी झाडं लावलेली होती. त्यांच्या फांद्यांवर ब्रोमेलियाडची दाटी झाली, पेल्यांतल्या पाण्यात ॲनोफिलिस बेलेटर हा डास वाढू लागला आणि मळ्यांतल्या माणसांना मलेरियानं धरलं. १९४०च्या दशकात तिथं कॉपर सल्फेटचे, म्हणजे मोरचुदाचेच, फवारे उडवून ब्रोमेलियाड मारले गेले. त्या कामावर गेलेला कॉलिन पिटेंड्रिग रात्रंदिवस झाडांवर चढून कोणता डास किती उंचीवर, कोणत्या वेळी चावतो ते टिपत राहिला. पुढे सजीवांच्या अंतर्गत घड्याळाच्या अभ्यासाचा तो एक मोठा प्रवर्तक ठरला. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातही गावांभोवतीचे ब्रोमेलियाड माणसं लावून हातांनी खरवडून काढले, कित्येक ठिकाणी रानच तोडलं. त्याच मोहिमेच्या निमित्तानं राउलिनो राइट्स नावाच्या धर्मगुरूनं, जो वनस्पतिशास्त्रज्ञही होता, तिथल्या जातींची जन्मभर पुरेल एवढी नोंद केली. ज्यांना नष्ट करायचं त्यांची यादी हवी म्हणून ज्ञान वाढलं. हे वाचताना मला चीड येत नाही. माझ्या घरात कुणी मलेरियाच्या तापानं फणफणलं असतं तर मीही पंप पाठीवर घेतला असता.

आमच्याकडे पावसाळ्यात आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येतात. पेल्यांत बॅटरी मारून बघतात. "काकू, हे पाणी ओतून टाका." मी त्यांना वाडीत फिरवते. गळून पडलेली सुपारीची प्रत्येक विरी उताणी, पाण्यानं भरलेली. करवंट्या, टायर, ताडपत्रीचे खळगे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला यांतलं काहीही चालतं. रिओच्या वनस्पती उद्यानातल्या ब्रोमेलियाडमधल्या अळ्यांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा बहुतेक अळ्या रानच्या डासांच्या निघाल्या, एडिस इजिप्तायच्या अगदी नगण्य. पण सिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही. इथल्या पेल्यांत ना चतुराच्या त्या अळ्या, ना तो खेकडा. क्वचित आमचा एखादा झाडबेडूक दिवसा बसलेला सापडतो, तेवढंच. म्हणून मी आठवड्यातून दोनदा पाइपानं प्रत्येक पेला धुऊन ताजं पाणी भरते. झाड जगतं, सुंदर दिसतं. मात्र पिकादोच्या तळ्यातलं त्यात काही नसतं. आम्ही सगळे नर्सरीवाले निम्मंच ब्रोमेलियाड विकतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वरून पडणाऱ्या गोष्टींत ऊनही आलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळलं आणि वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या एका दुपारी आडव्या झाल्या. वरचं छप्परच गेलं. गुझमानियाची मऊ पानं चार दिवसांत करपली. पण निओरेगेलिया, जे इतकी वर्षं सावलीत हिरवेगार आणि जरा मंद दिसायचे, ते पाऊस उघडल्यावर लालभडक झाले. त्यांचा खरा रंग मला पहिल्यांदा दिसला तो असा. नंतर शेडनेट बांधताना किती टक्क्यांची जाळी लावायची यावर मी आणि यजमानांनी बराच वाद घातला. शेवटी अर्धा मांडव उघडाच ठेवला.

करड्या टिलँडसियांची तऱ्हा उलटी. त्यांना उजेड आणि वारा हवा, आणि आमचा पाऊस नको. पुष्कळ टिलँडसिया रात्री श्वसनरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. पान रात्रभर ओलं राहिलं तर पाण्याचा थर ती वाट अडवतो. म्हणून त्यांना पाणी सकाळी, आणि जून ते सप्टेंबर त्यांचा मुक्काम पागोळ्यांच्या आत, पडवीच्या वाशाला.

रिसॉर्टवाल्यांना ही झाडं स्वागतकक्षात हवी असतात. "एकदम ट्रॉपिकल फील येतो," म्हणतात. त्यांच्याच मागच्या परसात माडाखाली अननस लावलेला असतो, या कुळातला जगभर पोचलेला एकमेव फळवाला. कोलंबसाच्या माणसांनी तो १४९३ साली ग्वादलूपला पाहिला. पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला. जहांगीरनं आठवणींत लिहून ठेवलंय की फिरंग्यांच्या बंदरांतलं हे फळ आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरसाल हजारोंनी पिकतं. युरोपच्या थंडीत तो काचघरात शेगडी लावून वाढवावा लागे, म्हणून तिथं तो श्रीमंतीचा आणि पाहुणचाराचा मानबिंदू झाला. वाड्यांच्या फाटकांवर दगडी अननस बसले, मेजवानीला भाड्यानं अननस आणून ठेवत. मला हे प्रतीक जरा पोकळ वाटतं. मेक्सिकोत चियापा दे कोर्सोचे लोक डिसेंबरात दिवसेंदिवस चालत डोंगरात जातात, ब्रोमेलियाडची फुलं पाठीवर बांधून आणतात आणि बाळ येशूची आरास करतात, त्यात निदान पायपीट तरी आहे. आणि ब्राझीलचा बागकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स! बर्लिनला चित्रकला शिकायला गेलेल्या या पोराला आपल्या देशची झाडं भेटली ती तिथल्या वनस्पती उद्यानाच्या काचघरात. परत आल्यावर त्यानं रानात फिरून ब्रोमेलियाड जमवले आणि शहरांतल्या चौकांत मानानं बसवले. तोवर श्रीमंत ब्राझिली बागेत गुलाब लावत होते.

फुलाबद्दल सांगायचं राहिलं. बहुतेक ब्रोमेलियाडचा गुच्छ एकदाच फुलतो आणि मग हळूहळू मरतो. पेरू-बोलिव्हियाच्या पठारांवरची पुया रायमोंडी कित्येक दशकं नुसती पानं वाढवते, मग दहा मीटरपर्यंत उंच तुरा, त्यावर हजारो फुलं, आणि संपलं. आमच्या लहान जातींची बुडाशी पिल्लं येतात, एवढाच दिलासा. बाजारात मात्र प्रत्येक झाड फुलासकट हवं. त्यावर उपाय जुना आहे: अझोर्स बेटांवरच्या अननसवाल्यांना एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं की काचघरात धूर केला की सगळी झाडं एकदम फुलावर येतात. धुरातला इथिलीन वायू ते काम करतो. आता त्यासाठी इथेफॉन मिळतं, दोन थेंब पेल्यात पुरतात. घरी करायचं तर पिशवीत झाडाशेजारी पिकलं सफरचंद ठेवतात. मी करत नाही. फुललेलं झाड म्हणजे उतरणीला लागलेलं झाड, आणि ते पूर्ण भावाला विकणं माझ्या जिवावर येतं.

त्यामुळे फूलच हवं असणाऱ्यांना मी पुण्यातल्या मोठ्या नर्सऱ्यांकडे पाठवते. बाकीच्यांना पिल्लू देते, आईच्या निम्म्या उंचीचं झाल्यावर कापलेलं, आधी नाही. ज्यांच्या घरी आई आणि पिल्लू एकाच कुंडीत आहेत त्यांना बजावते की आई तपकिरी पडली तरी कापू नका, तिच्या पेल्यात पाणी घालत राहा. पिल्लं अजून तिच्यातूनच घेत असतात. निम्मे लोक तरीही कात्री लावतात, कारण हॉलमध्ये वाळकं पान बरं दिसत नाही.