दोन वाजेपर्यंतची मुंबई

बीडकडून मुंबईला निघालेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवीत कागद असतात. सातबारा, फेरफार, जुन्या अर्जांच्या पोच. पहाटे तो दादरला उतरतो, दुपारी मंत्रालयात जातो आणि रात्रीची गाडी धरतो. गावी आल्यावर कुणी मुंबईचं विचारलं तर रांगेबद्दल सांगतो. माझे चुलते तात्या वर्षानुवर्षं अशीच मुंबई करत आले. पाझर तलावात गेलेल्या जमिनीच्या मावेजाचे कागद त्यांच्याकडे आहेत आणि त्यांतला प्रत्येक कागद त्यांना तोंडपाठ आहे.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्यासोबत गेलो. मांजरसुंब्याच्या फाट्यावर रात्री गाडी धरली. सामान्य माणसाला मंत्रालयात दुपारी दोननंतर प्रवेश, आणि आम्ही तर उजाडायच्या आत पोचणार. एरवी तात्या हा वेळ आमदार निवासाच्या आवारात किंवा फुटपाथवर पिशवी मांडीवर घेऊन काढतात. मी हायस्कूलवर इतिहास शिकवतो. ज्या इमारती मी फळ्यासमोर उभा राहून सांगतो, त्या मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि तात्यांनी त्या कधीच पाहिलेल्या नाहीत, हे मला सहन होईना. म्हटलं, "तात्या, आज दोन वाजेपर्यंत माझ्यामागं चला."

दादरहून लोकलनं सीएसएमटी. बाहेर येऊन रस्ता ओलांडला आणि तात्यांना मागं वळून बघायला लावलं. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून 1878 ते 1888 अशी दहा वर्षं हे स्थानक बांधलं गेलं. त्यावरची पानं-फुलं, प्राणी, माणसांचे चेहरे जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी घडवले. घुमटावर हातात मशाल घेतलेली स्त्री आहे, ती प्रगतीची मूर्ती. समोर कोपऱ्यावर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, 1893 सालची. तात्यांचं लक्ष मात्र खालच्या दगडावर होतं. त्यांनी उमेदीत पहार आणि सुरुंग घेऊन विहिरी खोदल्या आहेत. मुरूम कुठं संपतो आणि पाषाण कुठं लागतो हे त्यांना आवाजावरून कळतं. एका भिंतीवर तळहात ठेवून ते म्हणाले, "ह्यो तर आपल्याकडचाच दगूड हाय की."

ते खरंच होतं. मुंबईचा काळा दगड आणि आमच्या बालाघाटाचा दगड एकाच लाव्ह्याच्या थरांचे आहेत. पिवळसर दगड मालाड-कुर्ल्याकडचा, कोरीवकामाचा पांढरट दगड पोरबंदरहून आणलेला. पण पाया आणि अंग पुष्कळ ठिकाणी याच काळ्या पाषाणाचं. मी साहेबांची नावं आणि सनावळ्या सांगत होतो आणि तात्या मला कुठला चिरा कसा बसवलाय, सांधा किती बारीक आहे ते दाखवत होते. हा दगड छिन्नीला किती दाद देतो, एका कमानीमागं किती हातांचे घट्टे असतील, हे मला एकाही पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

दादाभाई नौरोजी रस्त्यानं आम्ही हुतात्मा चौकात आलो. फ्लोराचं कारंजं 1864 चं, आणि त्याच्याजवळ मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. 21 नोव्हेंबर 1955 ला या चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधरा माणसं गेली. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत शहरभर आणखी कितीतरी गेली. हे मी दरवर्षी शिकवतो, तरी त्या जागेवर उभं राहून सांगताना आवाज जड झाला. कारण आमच्या घराचा इतिहास इथं येऊन मिळतो. माझ्या आजोबांच्या तरुणपणी आमची राजधानी हैदराबाद होती. आमच्या जमिनीच्या जुन्या कागदांवर उर्दू आहे. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची राजवट गेली, 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. तात्या चप्पल काढून स्मारकाला हात जोडून उभे राहिले. मग म्हणाले, "इथनं कितीदा टॅक्सीनं गेलो असंल. कुणी सांगितलंच नाही."

तिथून डावीकडे वीर नरिमन रस्त्यानं हॉर्निमन सर्कल. वाटेत सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं, 1718 चं. चर्चगेट हे नाव याच चर्चमुळं. किल्ल्याचा एक दरवाजा त्याच्या बाजूला होता. जुन्या मुंबईत मैलांचं मोजमाप या चर्चपासून सुरू व्हायचं. आम्ही धुळे-सोलापूर रस्त्यावरची माणसं. कुठलं गाव किती किलोमीटर हे सांगणाऱ्या पाट्या वाचत आमचं आयुष्य जातं. जिथून मोजणी सुरू होते ती जागा बघून तात्यांना फार बरं वाटलं.

हॉर्निमन सर्कलची बाग आज देखणी आहे. बाग होण्यापूर्वी ही मोकळी जागा कॉटन ग्रीन म्हणून ओळखली जायची; बोटीत चढण्याआधी इथं कापसाचे ढीग लागायचे. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच वर्षांत गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं किल्ल्याचे तट पाडायला घेतले. मोकळ्या झालेल्या जागेवर ओव्हल मैदानाकडची सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. कापूस पिकवणाऱ्यांची नावं यांतल्या एकाही कोनशिलेवर नाहीत. आमच्या शिवारात आजही कापूस आहे, आणि वेचणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीशी या कमानींचा संबंध आहे असं मी मानतो.

समोर टाउन हॉल, 1833 चा. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. रुंद पायऱ्या, वर जाडजूड खांब. या पायऱ्यांवर कुणीही बसतं, कुणी उठवत नाही. आम्हीही बसलो आणि भाकरी, शेंगदाण्याची चटणी सोडली. मुंबईच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा आत आहे, हे मी तात्यांना सांगितलं.

मागं फिरून ओव्हल मैदानावर आलो तेव्हा बारा वाजत आले होते. संपूर्ण मुंबईत मला सगळ्यात आवडणारी जागा ही. मैदानात उभं राहून पूर्वेकडे तोंड केलं की उत्तरेकडून दक्षिणेकडे उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि जुनं सचिवालय ओळीनं दिसतात. बांधली तेव्हा त्यांची तोंडं थेट समुद्राकडे होती. रेल्वेच्या रुळांपलीकडे पाणी होतं. पुढं भराव पडत गेला आणि मैदानाच्या पश्चिमेला 1930 च्या दशकातली गोलाईच्या सज्जांची घरं आली. मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या या इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं.

उच्च न्यायालयाची इमारत 1878 ची. छतावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. याच इमारतीत 22 जुलै 1908 ला लोकमान्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचे त्या दिवशीचे शब्द तिथं फलकावर कोरलेले आहेत. आमचे खटले आता संभाजीनगरच्या खंडपीठात जातात, त्यामुळं ही इमारत तात्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती.

शेजारी राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी कापसाच्या तेजीत कमावलेल्या पैशातून देणगी दिली आणि आईचं नाव मनोऱ्याला लागलं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. तो स्वतः मुंबईला कधी आला नाही. 280 फूट उंचीच्या या मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे 24 पुतळे आहेत, आणि त्यांचे नमुने घडवणारे सहायक अभियंते होते रावबहादूर मुकुंद रामचंद्र. हे नाव मी तात्यांना दोनदा सांगितलं. स्कॉटचं नाव सगळ्यांना सांगतात; मुकुंद रामचंद्रांचं आपण सांगायचं.

दक्षिणेच्या टोकाला लांबलचक व्हरांड्यांची इमारत. कर्नल विल्किन्सनं आखलेली, 1874 मध्ये पूर्ण झालेली. आज तिथं दिवाणी व सत्र न्यायालय आहे. मी म्हटलं, "तात्या, हे जुनं सचिवालय. 1955 पर्यंत राज्याचा कारभार इथून चालायचा. मग तुमची ती मंत्रालयाची इमारत झाली, आणि तिला मंत्रालय हे नाव 1975 मध्ये दिलं गेलं, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना." आपल्या मराठवाड्याच्या माणसाच्या काळात ते नाव आलं हे कळल्यावर तात्या खूश झाले. मग व्हरांड्यांकडे बघत त्यांनी विचारलं, की इथं फाटक्या धोतराच्या माणसाला कुणी वर चढू देत असेल का? याचं उत्तर माझ्याजवळ होतं. साहेबाच्या राज्यात अर्ज असायचे, पण प्रत्येकाला मत नव्हतं. आता ओळखपत्र दाखवून, पास काढून तात्या सचिवांच्या मजल्यापर्यंत जातात. तो हक्क साधा नाही.

दोन वाजता आम्ही गार्डन गेटच्या रांगेत होतो. अर्ज दिला, पोच घेतली, पिशवीत ठेवली. काम तेवढंच होतं.

गावी आल्यावर तात्यांनी पारावर जे सांगितलं त्यात रांग शेवटी आली. आता मंत्रालयात निघालेला कुणीही आधी त्यांच्याकडे येतो. ते त्याला सांगतात: दादरला रेंगाळू नको, सीएसएमटीला ये, तिथून मंत्रालय दोन-अडीच किलोमीटर, चालत जा. भाकरी टाउन हॉलच्या पायऱ्यांवर खा. दगडाला हात लावून बघ. तिकीट लागत नाही.

आमच्या शाळेची सहल मुंबईला जाते तेव्हा गेटवे आणि राणीची बाग होते. यंदा मी अर्धा दिवस ओव्हलसाठी मागून घेतला आहे. मुलांना आधी वर्गात नकाशा काढायला लावणार आहे, सोबत एक दुर्बीण घेणार आहे, म्हणजे मुकुंद रामचंद्रांचे पुतळे खालून नीट दिसतील. दगडाची माहिती सांगायला तात्या सोबत येणार आहेत.